नोव्हेंबरात 'विंटर सेल'? १८९३ सालच्या ओटागोतल्या कापड-लोखंडाच्या दुकानाबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागोतल्या एका लहान गावात तुमच्या वारसा-समितीने मुख्य रस्त्यावरचं जुनं दुकान ताब्यात घेतलंय. आत शिरलं की डाव्या हाताला कापडाचा लांब काउंटर, उजव्या हाताला खिळे, पत्रे, कंदील ठेवायची फळ्याफळ्यांची बाजू. येत्या नोव्हेंबरात वारसा-सप्ताहासाठी तिथे १८९० च्या दशकातला 'विंटर सेल' उभा करायचा आहे. इचलकरंजीला तुमच्या माहेरचं कापडाचं दुकान, म्हणून मांडणीचं काम तुमच्याकडे आलं. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पाट्यांवर किती टक्के सूट लिहायची, लोखंडी सामानावर किती, आणि काउंटरमागे उभ्या राहणाऱ्यांनी काय करायचं.

मी इथल्या वस्तुसंग्रहालयांसाठी जुन्या दुकानांच्या मांडण्या करते. कापड, किंमतचिठ्ठ्या, पावत्या, खतावण्या हेच रोजचं काम. त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण टक्क्यांपासून सुरुवात करत नाही. टक्के हा शेवटचा तपशील आहे. त्या काळी दुकानदार सेल का लावायचा आणि कधी लावायचा हे एकदा नीट बसलं की पाट्या आपोआप लिहून होतात.

कापड-दुकानातल्या मुलीला हे लगेच कळेल: कापड जुनं होतं, खिळा जुना होत नाही. गेल्या वर्षीच्या छापाची मलमल यंदा कोणी घेत नाही, पण गेल्या वर्षीचा तीन इंची खिळा यंदाही तीन इंचीच असतो. एकाच छपराखालच्या या दोन बाजूंचं गणित त्यामुळे मुळातच वेगळं. सेल हा कापडाच्या बाजूचा उद्योग. लोखंडाची बाजू त्यात सामील व्हायची ती जाहिरातीत नाव यावं म्हणून आणि कोपऱ्यात पडलेलं काही निघून जावं म्हणून. तुमच्या मांडणीत हा फरक दिसला तर ती खरी वाटेल. दोन्हीकडे सरसकट सारखी सूट लावलीत तर ती आजच्या मॉलसारखी दिसेल, कपडे कितीही जुन्या धाटणीचे घातले तरी.

आता नोव्हेंबरचं. इथे ऋतू उलटे. नोव्हेंबर म्हणजे वसंत संपून उन्हाळा लागायची वेळ. कापडवाल्यांचे मोठे सेल वर्षातून दोनदा यायचे: उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत आणि हिवाळी जुलै-ऑगस्टात. त्यामागे दोन कारणं होती. एक म्हणजे सहामाही मालमोजणी. बरेच दुकानदार जानेवारीअखेर आणि जुलैअखेर शिल्लक मोजून ताळेबंद करायचे आणि मोजण्याआधी माल जितका कमी तितकं बरं. दुसरं कारण म्हणजे जहाज. पुढच्या हंगामाचा माल लंडनहून निघालेला असायचा आणि तो येण्याआधी फळ्या मोकळ्या लागायच्या. शिडाच्या जहाजाला साधारण तीन महिने लागत. १८८० च्या दशकात थेट आगबोटी सुरू झाल्यावर हा प्रवास दीड महिन्याच्या आसपास आला. १८७६ मध्ये न्यूझीलंडला समुद्राखालची तार जोडली गेली, तेव्हापासून मागणी लवकर कळवता येऊ लागली. माल मात्र समुद्रानेच यायचा, म्हणून खरेदी सहा-सहा महिने आधी ठरवावी लागे. इंग्लंडातला हंगाम संपताना तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडे जे उरे ते वसाहतींसाठी खरेदी करणारे स्वस्तात उचलत आणि इथे तोच हंगाम लागायच्या बेतात ते येऊन पोचे. ऋतू उलटे असल्याचा फायदा तो हा.

म्हणजे नोव्हेंबरात 'विंटर सेल' लागणं शक्यच नव्हतं. ब्लँकेटं आणि फलालीन ऑगस्टातच निघून गेलेली असत. नोव्हेंबरात खिडकीत नवा उन्हाळी माल पूर्ण किमतीत झळकत असे: फिकट मलमल, छापील सुती कापड, छत्र्या, स्ट्रॉ-हॅट, त्यावर गुंडाळायला पगरी, म्हणजे आपल्या पगडी-फेट्याचीच विलायती धाकटी बहीण. आणि लोखंडाच्या बाजूला तर ऐन हंगाम! ओटागोत मेंढ्यांची लोकर कापायचं काम याच सुमारास जोरात येतं. लोकर भरायची मोठी पोती, शेफील्डच्या बर्गन अँड बॉलसारख्या कारखान्यांच्या कात्र्या, त्यांना धार लावायचे दगड, पुढे पीक कापणीसाठी धान्याची पोती आणि सुतळी, सगळ्याला मागणी. ही पोती तागाची आणि त्यातली बरीचशी बंगालहून, कलकत्त्याच्या गोदीतून यायची. तुमच्या दुकानातला भारताशी असलेला सगळ्यात खरा दुवा म्हणजे हा तागाचा गठ्ठा. हंगामात कोणता दुकानदार त्याची किंमत पाडेल?

मग कार्यक्रम जुलैत ढकलायचा का? गरज नाही. हंगामी सेलशिवाय आणखी एका जातीचे सेल असत आणि ते वर्षात केव्हाही निघत: भागीदारी मोडली म्हणून, जागा बदलायची म्हणून, दुसऱ्याच्या दिवाळखोरीतला माल उचलला म्हणून, आगीत किंवा जहाजात भिजलेला माल आला म्हणून. त्यातला भागीदारी मोडल्याचा सेल तुमच्यासाठी उत्तम. कापड आणि लोखंड असं जोडदुकान बऱ्याचदा दोन भागीदारांचं असे, एकाला कापडातलं कळे, दुसऱ्याला लोखंडातलं. एक बाहेर पडला की त्याचा हिस्सा रोखीत द्यावा लागे आणि रोख उभी करायला शिल्लक माल काढावा लागे. भागीदारी संपल्याची नोटीस वर्तमानपत्रात छापली जात असे, तिच्याच खाली किंवा शेजारी सेलची जाहिरात. तुमच्या दारावर या दोन्ही गोष्टी लावल्या की आत आलेल्या माणसाला सेल का आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

बाकी बरंचसं तुम्ही कोणतं वर्ष धरता यावर अवलंबून आहे. १८६१ मध्ये गॅब्रिएल्स गली नावाच्या इथल्या घळीत सोनं सापडलं, त्यानंतरच्या काही वर्षांत ओटागोतलं दुकान म्हणजे तंबूत किंवा पत्र्याच्या खोलीत फावडी, घमेली, बूट आणि ब्लँकेटं. तिथे सेलचा प्रश्नच नव्हता, माल पोचला की संपे. १८८० च्या दशकात आणि १८९० च्या पहिल्या अर्ध्यात इथे लांबलेली मंदी होती. जाहिरातींतला सूर तेव्हा रोखीसाठी चाललेल्या धडपडीचा आहे. १९०० नंतर हात जरा सैल झाला आणि खिडक्यांची सजावटही बदलली. मी तुमच्या जागी असते तर १८९३ धरलं असतं. मंदी अजून आहे, म्हणून सेलला कारण आहे. आणि त्या वर्षी १९ सप्टेंबरला इथल्या बायकांना मतदानाचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही झाली, २८ नोव्हेंबरला त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. नोव्हेंबरात कापडाच्या काउंटरवर उभ्या बायका कशाबद्दल बोलत असतील ते ठरवायला एवढं पुरे.

गावावरही अवलंबून आहे. तुमचं गाव रेल्वेवर असेल तर दुकानदाराच्या मानगुटीवर डनीडिन शहरातली मोठी दुकानं बसलेली होती. १८७८ मध्ये क्राइस्टचर्च ते डनीडिन आणि १८७९ च्या सुरुवातीला इन्व्हरकार्गिलपर्यंत रूळ जोडले गेले. बेंडिक्स हालेनस्टाइन या व्यापाऱ्याने १८८४ मध्ये डनीडिनला 'डी. आय. सी.' नावाचं दुकान काढलं, ते लवकरच मोठं भांडार झालं. गावातली बाई गाडीने जाऊन तिथला सेल गाठू शकत होती किंवा टपालाने माल मागवू शकत होती. अशा गावातला दुकानदार आपल्या जाहिरातीत 'शहरापेक्षा स्वस्त' हे हमखास म्हणणार. रूळ नसलेल्या गावात हा धाक कमी.

आता कापडाची बाजू. इथे मन लावून काम करा, कारण लोक इथेच रेंगाळणार आहेत.

सेलमधला खरा गर्दीचा भाग म्हणजे तुकड्यांचं टेबल. आपण कटपीस म्हणतो तेच. हंगामभर थानातून वार-वार फाडत गेल्यावर शेवटी जे दीड-दोन-तीन वार उरत, त्यांच्या घड्या घालून, सुतळीने बांधून, वर चिठ्ठी टोचून ते टेबलावर मांडत. चिठ्ठीवर तीन गोष्टी: लांबी, पूर्वीचा दर, आताची एकूण किंमत. उदाहरणार्थ 'अडीच वार, होतं १ शिलिंग ३ पेन्स वार, आता सगळं मिळून १ शिलिंग ११ पेन्स'. हा आकडा मी नमुन्यादाखल लिहिलाय, तुमच्या गावचे आकडे कुठून घ्यायचे ते पुढे सांगते. दीड वारात लहान मुलाचा सदरा निघतो, अडीचात बाईचा ब्लाऊज, हे बायका तिथल्या तिथे बोटांनी मोजायच्या. म्हणून टेबल उंच किंवा काचेखाली नको, हात पोचला पाहिजे. तुकडे नीट रचूनही ठेवू नका. पहिल्या तासातच विस्कटलेलं टेबल ही सेलची खूण आहे.

मग हॅट-टोप्यांचा विभाग. सगळ्यात मोठी सूट इथे, कारण फॅशन सगळ्यात आधी टोपीवर मरते. सजवलेली हॅट हंगाम उलटला की निम्म्या किमतीतही जड जायची. रिबिनी, लेस, कृत्रिम फुलं हे टोकऱ्यांत, मिसळून. त्यानंतर तयार झगे आणि जाकिटं. त्यानंतर छापील सुती कापड, कारण छाप जुना होतो.

ज्याला जवळजवळ हात लावायचा नाही ते म्हणजे मांजरपाट, चादरींचं कापड, टॉवेल, साधी पांढरी फलालीन. या विभागाला इथे आजही 'मँचेस्टर' म्हणतात, तशी पाटी लावा. हा माल दरवर्षी तोच खपतो. पण गंमत अशी की जाहिरातीत सगळ्यात वर तोच असे, पेनीभर कमी दरात, कारण त्याचा चालू दर प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ. पेनीभर उतरलं की तिच्या लगेच लक्षात येतं आणि ती दुकानात पाय ठेवते. टोपीवर दहा शिलिंग कमी केलेत तरी मूळ किंमत खरी होती की फुगवलेली हे तिला कळायला मार्ग नाही. तुमच्या माहेरीही दिवाळीत परकराच्या कापडाचा दर दाराशी लागत असेल, त्यामागे हाच विचार. इथल्या लोकरी कापडाचंही वेगळं बघा: मोझगिल आणि कायापोई या इथल्याच गिरण्यांची ब्लँकेटं नावाने विकली जात, नावाचा मान असलेल्या मालावर मोठी सूट लावू नका.

टक्के. चित्रातून टक्क्याचं चिन्ह बहुतेक काढूनच टाका. सूट सांगायच्या दोन पद्धती रूढ होत्या. एक, दोन रकाने: नेहमीची किंमत आणि सेलची किंमत. दुसरी, 'पौंडामागे इतके शिलिंग'. २० शिलिंगांचा पौंड आणि १२ पेन्सचा शिलिंग, त्यामुळे पौंडामागे २ शिलिंग म्हणजे दहा टक्के, अडीच शिलिंग म्हणजे साडेबारा, ५ शिलिंग म्हणजे पंचवीस. दिवाळखोरीतला माल उचलला असेल तर तोही याच भाषेत मिरवत, 'पौंडामागे इतक्या शिलिंगांना घेतला'. तुमच्या कापडाच्या खिडकीवर 'निवडक मालावर रोखीने पौंडामागे ५ शिलिंग सूट' अशी एक मोठी पाटी पुरे.

किमती गोल नकोत. कापडवाल्याची आवडती किंमत म्हणजे पावणेबारा पेन्स, १ शिलिंग पावणेबारा, ४ शिलिंग ११ पेन्स. आजच्या ९९९ रुपयांचंच हे कूळ. पाटीवर शिलिंगचा आकडा ठळक आणि पेन्सचा बारीक लिहायचा. पावणेबाराला शिलिंग दिला की परत एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. इंग्लंडातले कापडवाले त्या फार्दिंगऐवजी टाचण्यांची छोटी पुडी हातावर ठेवत. तुमच्या मंडळींना काउंटरवर करून दाखवायला ही रीत छान आहे आणि मुलांना घरी न्यायला काहीतरी मिळेल. खऱ्या टाचण्यांऐवजी कागदाची रिकामी पुडी द्या.

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं लिहायला विसरू नका. हा खरेदीचा गुप्त भाव. दुकानदार दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ठरवून घेई, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत दहावं शून्य. समजा शब्द 'कंबरलँड' (Cumberland) धरला, इंग्रजीत त्याची बरोबर दहा अक्षरं होतात आणि एकही पुन्हा येत नाही. मग 'बी' म्हणजे ४ आणि 'आर' म्हणजे ६. चिठ्ठीवर 'बी-आर' दिसलं की काउंटरमागच्या माणसाला कळतं, खरेदी ४ शिलिंग ६ पेन्सची, त्याखाली उतरायचं नाही. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही. आपल्याकडच्या कापडबाजारातही अशा खुणा असतात, घरी विचारा, वडीलधारे सांगतील. शाळेच्या मुलांना चिठ्ठ्या देऊन भाव ओळखायला लावलंत तर तासभर कोणी हलत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

लोखंडाच्या बाजूला आता थोडक्यात, कारण इथे करायचं कमी आहे. खिळे पौंडाच्या वजनावर, तार भेंडोळ्यावर किंवा हंड्रेडवेट या मोठ्या इंग्रजी वजनावर, नालीदार पत्रा फुटांवर. ब्रिस्टलच्या लायसॅटचा 'ऑर्ब' छापाचा पत्रा या भागात घरोघरी होता, निळसर गोल शिक्का मिळाला तर एखाद्या पत्र्यावर उमटवा. या सगळ्याची किंमत लंडनच्या लोखंडाच्या भावावर आणि जहाजभाड्यावर ठरे. नफा पातळ, सूट नाही. या मालावर 'आजचा दर' एवढीच पाटी. स्वयंपाकाच्या चुलीवरही नाही. डनीडिनच्या शॅकलॉकची 'ओरायन' चूल १८७० च्या दशकापासून इथल्याच कोळशासाठी बनत होती आणि ती सेलमध्ये टाकायची वस्तू नव्हे.

सेलचा लाल कागद लोखंडाच्या बाजूला फक्त एका टेबलावर येऊ द्या: टवका उडालेली इनॅमलची भांडी, जोडी फुटलेले कप-बशा, नक्षी जुनी झालेले दिव्यांचे गोळे, शेगडीपुढचे पितळी कठडे, कुलुपं ज्यांची एक किल्ली हरवली आहे. आणि नोव्हेंबर आहे म्हणून हिवाळ्यातून उरलेल्या कोळशाच्या बादल्या. बाकीची बाजू भरलेली, गजबजलेली, पूर्ण किमतीत. रॉकेलचे चौकोनी डबे, एका लाकडी खोक्यात दोन, असे रचून ठेवा. डबे अर्थातच रिकामे. ही खोकी लोक घरी नेऊन त्यांची फडताळं आणि स्टुलं करत, एखादं तसं केलेलं मिळालं तर शेजारी ठेवा.

सेलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा: रोख. एरवी गावातलं दुकान उधारीवर चालायचं. शेतकऱ्याचं खातं वर्षभर वाढे आणि लोकर किंवा धान्य विकलं की फिटे. दुकानदाराने मात्र लंडनच्या व्यापाऱ्याला मुदतीची हुंडी लिहून दिलेली असे आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. सेल हा या दोन तारखांमधली दरी बुजवायचा उपाय होता. म्हणून सेलच्या जाहिरातीखाली अटी असत: सेलचा माल उधार नाही, पसंतीसाठी घरी नाही, कापडाचे नमुने कापून मिळणार नाहीत, बाहेरगावच्या मागणीसोबत पैसे हवेत. या अटी जशाच्या तशा लिहा. ज्याचं खातं आधीच थकलंय असा एखादा शेतकरी सेलच्या दिवशी उधार मागायला आला तर काउंटरवर काय होईल, हा प्रसंग तुमच्या नाटक-मंडळींना द्या.

आणि हेच काउंटरमागच्या मंडळींबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी नुसतं उभं राहून हसायचं नाही, काम करायचं. कापड मोजायचं. तुमच्या काउंटरच्या आतल्या कडेवर बोट फिरवून बघा, पितळी खिळ्यांच्या खुणा असण्याची बरीच शक्यता आहे: एक वार, अर्धा, पाव. कापड त्या खुणांवर ओढून मोजत. विकणाऱ्या मुली काळ्या साध्या पोशाखात, दागिने नाहीत. मँचेस्टरच्या काउंटरवर बहुधा पुरुष, कारण थानं जड. पडून राहिलेली वस्तू विकली की विकणाऱ्याला वर काही पेन्स मिळत, त्यामुळे एखादी मुलगी न खपणारी टोपीच पुन्हा पुन्हा पुढे करताना दिसली तर ते अगदी बरोबर. डनीडिनसारख्या ठिकाणच्या मोठ्या दुकानांत पैसे पोचवायला पोकळ लाकडी चेंडू किंवा तारेवरून पळणाऱ्या डब्या आल्या होत्या. तुमच्या आकाराच्या दुकानात ते नको, पावती-पैसे घेऊन गल्ल्यापर्यंत धावणारा एक मुलगा पुरे. १८९४ च्या कायद्याने दुकानांना आठवड्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी सक्तीची झाली. तुम्ही १८९३ धरलंत तर सेलच्या दिवसांत उशिरापर्यंत उभं राहणं आणि सुट्टीची मागणी, दोन्ही त्यांच्या बोलण्यात येऊ द्या.

गिऱ्हाइकं सगळी एकाच चेहऱ्याची नव्हती. ओटागोत काई ताहू हे माओरी लोक दुकानं येण्याआधीपासून होते आणि व्यापारातही सुरुवातीपासून होते. सोन्यामागे आलेले चिनी खाणकामगार होते. १८९० च्या दशकात लेबनॉनकडचे आणि मोजके भारतीय फेरीवाले पाठीवर कापड-रिबिनीची पेटी घेऊन शेताशेतांवर जात. गावच्या दुकानदाराला ते नको असत, त्यांच्याविरुद्ध तक्रारी होत. हे दाखवायचं तर समितीत आधी बोला आणि काई ताहूंबद्दलचं काहीही स्थानिक रुनाकाला, म्हणजे त्यांच्या पंचायतीला, विचारल्याशिवाय ठरवू नका. कुणाला तरी वेश चढवून उभं करणं हा त्यावरचा मार्ग नाही.

एक कळकळीची विनंती. समितीकडे देणगीतून आलेले जुने कपडे आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते खिडकीत लावू नका. त्या काळचे अनेक रासायनिक रंग उन्हात फार लवकर उडतात. रेशमाला वजन यावं म्हणून त्यावर धातूचे क्षार चढवत, तसं रेशीम टांगलं की घडीवर चिरत जातं. मी हाताळलेल्या एका फलालीनच्या तुकड्यावर चिठ्ठी अजून होती, मूळ टाचणीसकट. टाचणी गंजून तिच्याभोवती तपकिरी डाग पसरला होता आणि डागाच्या मधोमध कापड विरून भोक पडलं होतं. चिठ्ठी नवीन कापडालाच टोचा, जुन्याला सुती दोऱ्याने सैल बांधा. खिडकीसाठी नवं सुती कापड घ्या, एक आठवडा उन्हात राहिलं तरी कोणाचं काही जात नाही. दिवे एलईडीचे, कापडाजवळ ज्योत नको.

किमतींचे खरे आकडे तुम्हाला 'पेपर्स पास्ट'वर मिळतील, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह, घरबसल्या फुकट. दुकानाच्या नावासोबत 'सेल' शोधा, आधी जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्टपुरतं मर्यादित करून. त्यातून नेहमीचे आणि सेलचे दर हाती लागतील. मग नाव आणि 'भागीदारी' असं शोधा, तुमच्याच दुकानाची भागीदारी खरोखर मोडलेली सापडली तर तुमचं वर्ष तेच. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका, पाव-अर्धा-पाऊणचे आकडे त्यात हमखास बिघडतात, पानाची प्रतिमा उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि जाहिरात म्हणजे दुकानदाराला जे दाखवायचं होतं ते. न खपलेलं काय होतं हे जाणून घ्यायचं तर मालमोजणीची वही किंवा दिवाळखोरीची यादी मिळते का ते जिल्ह्याच्या संग्रहात विचारा.

म्हणजे ठरवायचा क्रम असा: आधी वर्ष, मग सेलचं कारण, मग कापडात कोणत्या मालावर किती, लोखंडात एकच टेबल, आणि शेवटी पाट्या. जाहिरातीची प्रतिमा सापडली की दुकानाचं नाव झाकून इथेच टाका, चिठ्ठ्यांवरचे दर आणि गुप्त अक्षरं मी तपासून देते. काउंटरच्या आतल्या कडेचा फोटोही सोबत द्या, पितळी खुणा निघाल्या तर तिथे पॉलिश लावू देऊ नका.